अर्धं शटर

"शटर वर करा, आक्का!" रविराज ओरडला आणि खुर्ची पाडून बाहेर पळाला.

मी शटर धरून तशीच उभी राहिले. बेळगावात कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. मी निपाणीची, जैनाघरची. कन्नड लहानपणापासूनच येतं. मराठी माणसं मराठीत सांगतात, मी त्यांच्या तक्रारी कन्नडमध्ये टाइप करते. सांगता सांगता एखादी बाई अडखळली, की मी शटर अर्धं खाली ओढते. बाहेर चहाच्या गाड्यावरच्या रिकामटेकड्यांचे कान फार लांब. एकवीस वर्षं माझी हीच रीत. रविराज अडखळला तेव्हाही मी तेच केलं.

तो उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर होता, लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायचा. चौतिशीचा, खानापूरकडचा, हात वाळूनं खरबरीत झालेले. मी शटर पार वर सारलं, त्याला पायरीवर बसवून पाणी दिलं. मग तो रस्त्याकडे तोंड करून बोलू लागला.

"सुपरवायझरनं साच्याचे पॅटर्न ठेवत्यात त्या खोलीत बोलावलं. शटर आदी अर्धं ओढलं. मला वाटलं, ऊन येतंय म्हणून." तो थांबला. "मग पुरं ओढलं."

पुढचंही त्यानं सांगितलं.

"मारहाण म्हणून लिहू का रं? ठाण्यात लगेच घेतील," मी म्हटलं. मला त्याची अब्रू झाकायची होती.

"न्हाय आक्का. कास्टिंगला भोक पडलं की आमच्यात लांबी भरून वर रंग मारत्यात. माल पास हुतोय, पर भोक आत ऱ्हातंयच. तुमी लांबी भरू नका."

मी जसं घडलं तसं टाइप केलं. एक प्रत माझ्याकडे ठेवून तो ठाण्यात गेला.

तिसऱ्या दिवशी तो एफआयआर घेऊन आला आणि पायरीवरच बसला. मी पाणी दिलं. "वाचा आक्का. मला कन्नड बोलाय येतंय, वाचाय न्हाय."

मी वाचलं. मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी.

"तेवढंच?"

"तेवढंच," मी म्हटलं. बलात्काराच्या कलमात पीडित म्हणून पुरुषाला जागाच नाही. जुन्या कायद्यात निदान ३७७ कलम होतं, नव्यात तेही उरलं नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी त्याला तसं लिहून दिलं होतं. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली.

"हवालदार म्हणाला, तू तसला हाईस काय? म्हणलो, व्हय, हाय. पर मी नको म्हणलतो की सुपरवायझरला." त्याचा आवाज बारीक झाला. "मला गडीच आवडत्यात ह्ये घरात कुणाला ठावं न्हाय, आक्का. पयल्यांदा ठाण्यात सांगितलं. आन् हवालदारानं माझं नको म्हणनं लिहिलंच न्हाय."

मी एफआयआरची घडी घालून त्याच्यापुढं ठेवली.

"माझा कागद हाय न्हवं तुमच्यापाशी? त्यो वाचा. मराठीत, मोठ्यानं."

"अरे, रस्ता आहे."

"असू दे."

मी वाचलं. गाड्यावरची माणसं हातात ग्लास धरून आमच्याकडे वळली. रविराज ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला. "मी नको म्हणत होतो," हे वाक्य त्यानं पुन्हा वाचायला लावलं.

"व्हय. आसंच झालतं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे कागद तुमच्यापाशीच." आणि पायरीवर सांडलेलं पाणी रुमालानं पुसून निघून गेला. परत आला नाही.

आता बाई आली तरी मी आधी विचारते, शटर ओढू का? संध्याकाळी दुकान बंद करतानाही अर्ध्यावर हात थांबतो. मी वाकून आत बघते. खुर्ची रिकामी असते, हे ठाऊक असतं.

"आत कोण हाय काय रं?" मी विचारते आणि शटर तसंच धरून थोडा वेळ थांबते.