धामणगावची कुट्टीमशीन

आमच्या धाकट्या सुनेचं, पंचफुलाचं, एक वागणं मला लग्नाच्या हळदीपासून खुपत होतं. भासरा समोर आला की बाईचं तोंड शिवलं जायचं. भासरा म्हणजे माझा थोरला, सूर्यभान. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर बोलायचं नाही, ही रीत आमच्या माळ्यांच्या घरात सगळ्याच सुना पाळतात. पण पाळायलाही काही माप असतं की नाही? घरात विंचू निघाला तरी ही बांगड्या वाजवून सांगणार! मी म्हणायची, "बार्शीटाकळीले तुया मायनं जीभ ठेवून घेतली का वं?" तर हसायची, तेही पदराआड.

बैलांसाठी कडबा कापायची आमची जुनी कुट्टीमशीन माझ्या सासऱ्यांनी आणलेली. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं तोंडात कडब्याची पेंढी सारायची. चाक इतकं जड की सूर्यभानासारखा गडी घामानं निथळे, आणि हात सोडला की ते जागीच मरे. थोरली सून जयवंता पेंढी सारी, तेव्हा नवऱ्यावर खुशाल ओरडे, "हाणा! थांबा! झोपले का?" ती बाळंतपणाला माहेरी गेली, धाकटा अकोल्याला कामावर, म्हणून पेंढी पंचफुलाच्या हाती आली. ही तर बोलायची नाही. सूर्यभानही भावजयीकडे नजर जाऊ नये म्हणून तोंड फिरवून चाक मारी. थांबवायचं असलं की ती लोखंडावर बांगड्या आपटे, हा हात सोडी. जुनी मशीन होती तोवर तेही निभलं.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात त्या मशीनचं चाक तडकलं. सूर्यभान मला न विचारता धामणगाव रेल्वेला गेला आणि कोण्या दलालाकडून वापरलेली मशीन घेऊन आला. अकोल्यापर्यंत मालगाडीनं, तिथून आमच्या बाळापूरपर्यंत बैलांच्या बंडीत. उतरवली तशी चाकाला एक धक्का देऊन बाजूला झाला.

"पाय माय, लेकरानं फिरवली तरी फिरते!"

चाक फिरत होतं. पात्यांवर ऊन चमकत होतं, जात होतं. मी पाहत राहिले, सूर्यभान तंबाखू मळून तोंडात टाकून मोकळा झाला, तरी ते फिरतच होतं.

"हे थांबते कवा?"

"थांबते न, त्याच्या मनानं."

"त्याच्या मनानं? मशीन हाये का जावई?" मी म्हटलं. "अन् एवढी गुणाची होती तर त्या माणसानं विकली काहून?"

"मी नाई इचारलं."

दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहण्याआधी मी फडकं घेऊन मशीन पुसायला बसले. पेंढी आत ओढणाऱ्या दोन दातेरी रुळांमध्ये जुनं ओंगण, म्हणजे वंगण, गोठून काळं दगड झालं होतं. ते खरवडताना बोटाला काही टोचलं. काढून पाहिलं तर काच. हिरव्या बांगडीचा तुकडा. आणखी खरवडलं, आणखी निघाले. मग माझं लक्ष रंगाकडे गेलं. सगळी मशीन जुन्या, विटक्या रंगाची; लाल रंग ताजा होता तो फक्त तोंडापाशी. मी हळदकुंकू तसंच ठेवून उठले. 

सूर्यभानाला तुकडे दाखवले. म्हणाला, "बांगडी कोठीबी फुटते, माय."

"रुळात जाऊन फुटते?"

"मंग बैलायले काय उपाशी ठेवू? तू सारशीन पेंढी?"

माझी बोटं संधिवातानं वाकडी झालेली. पेंढी धरवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून मशीन चालली की मी पंचफुलाच्या कोपराशी बसू लागले. नजर हटवत नव्हते. घास तोंडात घेतला की ती हिरवी काच दातांखाली आल्यासारखं होई. ती पोर आपल्या चुड्यानं भरलेल्या हातांनी पेंढी आत लोटे आणि माझा जीव तिच्या मनगटापाशी अडकून राही.

त्या दिवशी सकाळी गाय दावं तोडून झेंडूच्या वाफ्यात शिरली. "मी येतपर्यंत थांबा रे," असं ओरडत मी धावले. सूर्यभानानं ऐकलं की नाही, देव जाणे. गाय बांधून वळले तर मशीन चालू होती. तिची ती घरघर! जुनी कुरकुर करी, ही दुसरा आवाजच कानी येऊ देत नव्हती. धापा टाकत मळ्याच्या कडेनं येताना मला त्या घरघरीखाली काही ऐकू आलं. बारीक. खळ्, खळ्, खळ्.

पंचफुलाचा पदर रुळांत गेला होता. त्याबरोबर तिचा उजवा हात ओढला जात होता, डोकं लोखंडाला टेकलं होतं, आणि डाव्या हातानं ती मशीनवर बांगड्या आपटत होती. डोळे फाटलेले, तोंड उघडं, आणि तोंडातून आवाज नाही. हातभर अंतरावर सूर्यभान गोठ्याकडे तोंड करून चाक मारत होता.

"सूर्यभान! मेल्या, सोड!"

त्यानं सोडलं. चाक थांबलं नाही. तो ते धरायला गेला, तर दांडी मनगटावर बसून मागे फेकला गेला. बंडी शेजारीच उभी होती. तिच्या कडेचा खुंटा, उभारी म्हणतो आम्ही, मी कशी उपसली ते मला आजही सांगता यायचं नाही. चाकाच्या आऱ्यांत घातली. काडकन मोडली. पण चाक मेलं.

लुगडं फाडून तिचा हात बाहेर काढला. बांगड्या सगळ्या फुटलेल्या, मनगटातून रक्त. मी तिची बोटं एकेक धरून पाहिली, पुन्हा पाहिली. होती. सगळी होती. मला त्या धामणगावच्या बाईचा हात दिसत होता, जिला मी कधी पाहिलं नाही.

सूर्यभान जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. "मले आयकूच आलं नाई, माय. कसमसे आयकू नाई आलं."

आणि पंचफुलानं काय केलं? भासऱ्याचं तोंड आपल्याकडे आहे हे दिसलं, तसा त्याच रक्ताळलेल्या हातानं फाटका पदर डोक्यावर ओढून घेतला. तेव्हा माझी भीती कुठल्या कुठे गेली आणि माझा जो संताप झाला, तो गल्लीपर्यंत गेला असेल.

"पंचफुले, ऐक. ते मशीन आता ह्या घरात राहत नाई, सूर्यभान जाते अन् ज्याची त्याले देऊन येते, बांगड्यायच्या तुकड्यायसकट. पण दुसरी येईन, अन् तिच्यापाशी तूच उभी राहशीन. तवा पदर कमरेले खोसायचा. अन् भासऱ्यावर असं बोंबलायचं का बाळापूरच्या किल्ल्यावर आयकू गेलं पायजे. माया घरात जित्या सुनेनं बांगड्यायनं बोलायचं नाई. समजलं? मुंडी नको हालवू. तोंडानं सांग."