मुरू दे

गल्लीत सुताराला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला ‘मुरूदे’ म्हणत, आणि तेही तोंडावर. कुणी दार मागो, कपाट मागो, हा लाकडावर थाप मारून म्हणणार, “मुरू दे अजून.” फळीच्या जाडीला इंचामागे एक वर्ष वाळवायचं, हा त्याचा नियम. त्याच्या हातचं दार तीस वर्षांत फुगलं नाही, हेही खरं. पण माणूस हट्टी म्हणजे किती हट्टी! एकदा नाही म्हणाला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. बायकोचं तर मुळीच नाही.

ती बिचारी थंडीपुढे हात टेकलेली. दोन स्वेटर, वर शाल, पायात नवऱ्याचे जाड मोजे, तरी बोटं गारच. दोन वर्षांपूर्वी तिनं हौसेनं लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी पसंत केली, काचेच्या दाराची. शेगडी घरी आली आणि सुतारानं तिचं खोकं उघडूच दिलं नाही.

“आधी लाकूड मुरू दे. ओलं जाळलं की धुराडं काजळीनं भरतं.”

त्यानं स्वतः ओंडके फोडले, मागच्या भिंतीशी पत्र्याखाली रचले. तिनं खोक्यावर दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, “बरं बाई, तोवर मी खोक्यालाच शेकते.”

गेल्या हिवाळ्यात ती रोज सकाळी ढिगातले दोन तुकडे काढून एकमेकांवर आपटायची. ओलं लाकूड थप्प करतं, वाळलेलं टणटणतं, हे तिला त्यानंच शिकवलेलं.

“अहो, वाजतंय हो!”

“तुला काय कळतंय लाकडातलं? एवढ्या जाडीला दोन वर्षं हवीतच.”

“लाकूड मुरतंय आणि मी गारठतेय,” ती म्हणायची आणि हसायची. हसता हसता खोकायची. हिवाळा सरता सरता तो खोकला छातीत उतरला आणि आठ दिवसांत सगळा खेळ आटोपला. डॉक्टर म्हणाले, शेगडी पेटवली असती तरी त्या वाचल्या नसत्या. सुताराला त्यानं काडीचं समाधान मिळालं नाही. तिचा शेवटचा हिवाळा थंडीत गेला, हे त्याला पुरतं कळत होतं. त्यानं एकच गोष्ट उराशी धरली होती: लाकूड ओलं होतं. आपण तिला उगीच थांबवलं नाही.

आता पुन्हा थंडी पडली. लेक हट्टानं माहेरी येऊन राहिली आणि तिनंच शेगडी बसवणाऱ्याला बोलावलं. मोठा बोलका माणूस. सकाळभर खपून त्यानं शेगडी भिंतीपासून वीतभर पुढे बसवली, नळ्या जोडल्या, धुराडं छपरातून वर काढलं. सुतार बाजूला उभा राहून बघत होता. मग शेगडीवाल्यानं एक तुकडा उभा चिरला, खिशातून दोन सुयांचं छोटं यंत्र काढलं आणि चिरलेल्या बाजूत रोवलं.

“बारा टक्के ओल! वीसच्या खाली आलं की झालं. वा, काय रचलंय मिस्त्री! किती दिवस ठेवलंत?”

“दोन वर्षं. गेल्या साली ओलं होतं.”

“छे हो! हे हलकं लाकूड, हातभर तुकडे, शिवाय फोडलेले. दोन्ही तोंडांनी वाळतात. वर्षाच्या आत तयार होतात. तुम्ही फळ्यांचा नियम सरपणाला लावलात की काय?” तो मोकळेपणानं हसला. “गेला हिवाळा फुकट घालवलात तुम्ही.”

लेकीनं चटकन बापाकडे पाहिलं. सुतार त्या चिरलेल्या तुकड्याकडे बघत राहिला. तीस वर्षं लाकडात घालवली आणि बायकोनं दोन तुकडे आपटून जे ओळखलं ते याला ओळखता आलं नव्हतं. खरं तर ऐकूही आलं असतं. यानं कान दिला नव्हता.

“पहिले दोन-तीन जाळ अगदी लहान करा हं,” शेगडीवाला हत्यारं आवरत म्हणाला. “नवा रंग तापून वास सुटतो. खिडक्या सताड उघड्या ठेवा. आज उबेची आशा नको.”

तो गेल्यावर लेकीनं खिडक्या उघडल्या. गार वारा सरळ आत आला. तिनं शेगडीत त्याच लाकडाच्या बारीक काटक्या मांडल्या आणि पेटवायला म्हणून कोपऱ्यातल्या शेगडीच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडायला घेतला.

“त्याला हात लावू नकोस!”

बाप इतक्या जोरात ओरडला की ती दचकली. मग तिनं जुना कागद घेतला. काटक्या लगेच धडधडून पेटल्या, धुराचा मागमूस नाही. लाकूड असं कधी पेटतं हे सुताराला कुणी सांगायला नको होतं.

“बाबा, इकडे या ना. जवळ बसा.”

तो आला नाही. शेगडीकडे पाठ करून तो कोपऱ्यात खोक्याशी खाली बसला. त्यावर त्यानं दोन्ही हात पसरून ठेवले, ती ठेवायची तसे. पुठ्ठा गार होता.

“वाजत होतं गं,” तो म्हणाला. “वाजत होतं.”