भिंगरी आडवी आली

मित्रांनो, भिंगरी म्हटलं की तुम्हाला वाऱ्यावर फिरणारी कागदाची भिंगरी आठवेल. मी तसली नाही. मी जुनी, लाकडी आणि चांगली वजनदार भिंगरी आहे. वस्तीनं मिळून वाढवलेल्या रानाच्या तोंडाशी माझं आयुष्य गेलं. मधे एक खांब, त्यावर चार आडवे हात आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध, असं माझं रूप. पोटाशी येणारा हात ढकलला की मी पाव गिरकी घ्यायची आणि माणूस आत. गुरांना मात्र हे जमत नसे. एखादी म्हैस डोकं घालून बघायची आणि मग अशी तोंड फिरवून निघून जायची, जणू तिला आत यायचंच नव्हतं.

मला सुतारकाकांनी घडवलं. तेव्हा इथे नुसता उजाड माळ होता. वस्तीतली माणसं हौसेनं रोपं लावायची आणि मोकाट गुरं ती फस्त करायची. फाटक बसवलं तर कुणीतरी ते उघडं टाकायचं. शेवटी काका म्हणाले, "माणसं काही सुधारणार नाहीत. जे लावावंच लागत नाही असं काहीतरी करू." वादळात पडलेल्या झाडाचं लाकूड त्यांनी आणलं. रंधा मारून माझे हात इतके गुळगुळीत केले की कधी कुणाच्या बाहीचा धागा अडकला नाही. मग मला खांबावर ठेवून वरून एक लाकडी खुंटी ठोकली, आणि मी फिरू लागले.

रोपं जगली. बघता बघता झाडं माझ्यापेक्षा उंच झाली. काका रोज सकाळी यायचे. बाकीचे लोक मला ढकलायचे, काका आधी तळवा टेकवायचे, क्षणभर थांबायचे आणि मग फिरवायचे. मी कुरकुरले तर खिशातून तेलाची बाटली निघायची. हा माणूस स्वस्थ बसलेला मी पाहिला नाही. आत झाडांची आळी करायची, बाहेर कुणाचं दार नीट करायचं, हे सुरूच. काकू म्हणायच्या, "यांच्या पायालाच भिंगरी आहे. एक रानाच्या तोंडाशी उभी केली, दुसरी माझ्या घरात फिरते." लोक हसायचे. मलाही मोठं कौतुक वाटायचं.

एके दिवशी काका आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून मला कळलं की त्यांना झटका आला, पायांतलं बळ गेलं आणि आता ते चाकांच्या खुर्चीत बसून असतात.

मित्रांनो, ज्याला यायचं तो येतो, जायचं तो जातो, असा माझा धंदा. वाट बघणं मला ठाऊक नव्हतं. आता मी वाट बघायला शिकले. पाऊल वाजलं की काका आले असं वाटायचं. हात पडला की कळायचं, छे, हे ते नाहीत. मला त्यांची फार आठवण यायची. कुरकुर वाढली होती, पण तेल घालायचं कुणाला सुचत नव्हतं.

काका आत येत नाहीत, हे बाईंनाही खुपत होतं. या बाई शाळेत शिकवायच्या आणि रानाची समिती त्याच बघायच्या. "ज्यानं रान लावलं त्यालाच ते दिसू नये, हे बरं नाही," त्या म्हणाल्या. "यंदाचं सगळं काम काकांसाठी." मग काय, दर सुट्टीला वस्ती लोटायची. मुरमाची घमेली बांधावरून हातोहात आत जायची. चढ कापले, वाट सपाट केली. जिथे मुळं वर आली होती तिथे फळ्या टाकल्या. तळं उपसलं. काठावर बाक बसवलं आणि शेजारी मुद्दाम खुर्चीपुरती जागा सोडली. मुलांसाठी झोके आले, दोरीची शिडी आली. वर्ष सरता सरता रान असं सजलं की कुणाची तरी दृष्ट लागावी.

काकू त्यांना घेऊन आल्या तेव्हा सगळी वस्ती आत उभी होती. काकांनी ठेवणीतला सदरा घातला होता. खुर्ची माझ्यापाशी आली आणि अडकली. खांब आणि बांध यांच्यामधे ती मावेना.

वर्षभर हीच माणसं रोज अंग चोरून, पोट आत ओढून माझ्यातून जायची आणि आत जाऊन वाट रुंद करायची. एकाच्याही डोक्यात आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

"काकांना खुर्चीसकट उचलू," कुणीतरी म्हणालं. "बांधावरून आत घेऊ."

काका हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "मी काय घमेलं आहे का, हातोहात द्यायला?"

बाई म्हणाल्या, "मग भिंगरीच कापून टाकू. करवत आणते."

"तिला हात लावायचा नाही. ती होती म्हणून हे रान झालं." एवढं बोलून काकांनी खुर्ची घराकडे वळवायला सांगितली.

काढा मला, काढा, असं मी जीव तोडून म्हणत होते. पण लाकडाचं कोण ऐकतं. लोकांना ऐकू आली ती माझी कुरकुर.

त्यानंतर काका संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे येऊन बसू लागले. मुलांचा आवाज आला की मान उंच करायचे. ते मला दिसायचे, मी त्यांना दिसायची. ज्याची मी वाट बघत होते, त्याला मीच अडवून उभी होते. याहून मोठं दुःख मला माहीत नाही.

एका संध्याकाळी काकूंनी हत्यारांची पिशवी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही तिला गुरं अडवायला केलीत. तुम्हाला अडवायला नाही."

"गुरं शिरतील."

"रुंद फाटक करा. लोक लावतील."

"विसरतील."

"विसरले तर एखादं रोप जाईल, परत लावू. तुम्ही असे बसून बसून संपलात तर मी काय लावू?"

काकांनी पिशवीतून हातोडा काढला. मग खुर्ची माझ्याजवळ आली. त्यांनी तळवा टेकवला आणि खुंटीवर घाव घातला. मला जरासुद्धा दुखलं नाही. काकूंनी हाक मारली तशा बाई पहार घेऊन आल्या आणि त्यांनी खांब उपटला. मला बांधाला टेकवून ठेवलं. काका आत गेले. झाडांत शिरेपर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, आणि मला हवं होतं तेही हेच.

मित्रांनो, कुणासाठी वाट कराल तर आधी त्याला बोलवा आणि त्याच्याबरोबर दारापासून जाऊन बघा. आता इथे रुंद फाटक आहे. काका रोज त्यातून आत जातात. खुर्चीतून हात पोचेल तिथे त्यांनी नवी रोपं लावली आहेत, अजून ती वीतभरसुद्धा नाहीत. मी आता त्या रोपांची राखण करू शकत नाही. फाटक तेवढं लावत जा.