झाकणातली होडी

लाउगाला ती होडी आधी कपात दिसली होती.

जानेवारीतली दुपार होती. विनिपेग सरोवर पार गोठलेलं, खिडकीबाहेर पांढऱ्यावर पांढरं. तिच्या नवऱ्याने, वाल्दीने, साखरेचा खडा दातांत धरून कॉफी संपवली, रिकामा कप डोक्याभोवती तीनदा फिरवला आणि चुलीच्या कडेवर उलटा ठेवला. कप वाळला की तळाशी उरलेल्या रेघांत लाउगा भविष्य बघायची. तिची आई बघायची, आणि आजी तर आइसलँडहून येताना जहाजावरसुद्धा लोकांचे कप बघत आली म्हणतात. त्या दुपारी रेघांत लख्ख होडी होती. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचललेली, आणि नाळेवर कुणीतरी बसलेलं.

"काय दिसतंय गं?" वाल्दीने विचारलं.

"थंडी दिसतेय. अजून काय दिसणार?"

चांगला कप खरा होण्याआधी बोलून दाखवला तर नासतो, हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पुढच्याच आठवड्यात तिने कॉफीचा नवा पिवळा डबा उघडला आणि झाकणाखाली तीच होडी निघाली. छापलेली, निळी, मोटर लावलेली. खाली लिहिलं होतं, अभिनंदन, ही होडी तुमची. लाउगा झाकण हातात घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली. कॉफी उतू गेली तरी तिला कळलं नाही.

होडीचं तिच्या मनाला फार लागलेलं होतं. वाल्दीची होडी तिनेच विकली होती. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी, स्वच्छ उन्हात, वाल्दी सरोवराच्या मधोमध घरची दिशा विसरला. चाळीस वर्षं ज्या पाण्यात जाळी टाकली त्याच पाण्यात तो बसून राहिला, आणि दुसऱ्या होड्या त्याला ओढून घेऊन आल्या. त्यानंतर त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत गेली, शेजाऱ्यांची नावं, चष्म्याची जागा. एक हिशेब तेवढा शाबूत होता. खिडकीत बसून तो बगळे मोजायचा, मालगाडीचे डबे मोजायचा, पिकरेल मासे सोलताना खवले मोजतो की काय असं वाटायचं. होडी विकली तेव्हा तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता बर्फ फुटलं की नवी होडी. सुकाणूवर दुकानदार सिग्गीला बसवायचं, वाल्दीला नाळेवर, आणि त्याचं गाव होतं त्या बेटाला एक चक्कर मारून आणायची. रात्री पडल्यापडल्या लाउगा होडीत बसायची. पाणी तिच्या उशीखालून वाहायचं. झाकणावरचा नंबर कंपनीला कळवून झाकण तिने पिठाच्या बरणीत लपवलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

एप्रिलमध्ये कंपनीचा फोन आला. त्या देशात नुसत्या नशिबाने बक्षीस मिळत नाही. कायद्याला तो जुगार वाटतो, म्हणून जिंकणाऱ्याला आधी एक गणित सोडवावं लागतं. त्याला म्हणतात कौशल्याचा प्रश्न. एरवी तो इतका सोपा असतो की कौशल्य त्यात शोधावं लागतं.

"तयार आहात का, बाईसाहेब?" फोनवरचा तरुण गोड आवाज म्हणाला.

लाउगाने स्वतःच उत्तर द्यायला हवं होतं. पण वाल्दी समोरच बसला होता, आणि तिला वाटलं, होडी त्याची, तर जिंकूही दे त्यालाच. एवढं एक तरी त्याच्या हातून होऊ दे. तिने रिसिव्हर त्याच्या हातात दिला.

"एक गणित आहे, वाल्दी. नीट ऐक. होडीसाठी आहे."

वाल्दी चक्क उठून उभा राहिला. रिसिव्हर कानाला लावून ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "बारा अधिक आठ, गुणिले तीन, वजा सहा." जरा वेळाने छाती काढून म्हणाला, "चोपन्न."

मग तो नुसता ऐकत राहिला. रिसिव्हर हळूच जागेवर ठेवला.

"तीस म्हणे. चुकलं म्हणाला तो. गुणाकार आधी करायचा असतो." थोड्या वेळाने म्हणाला, "होडी गेली ना गं?"

"जाऊ दे रे. लाकडाचा तुकडा मेला."

पण त्या दिवसापासून वाल्दीने मोजणं सोडलं. खुर्ची फिरवून तो खिडकीकडे पाठ करून बसायला लागला. कॉफी प्यायचा, पण कप फिरवायचा नाही, तसाच ठेवून द्यायचा. लाउगा आतल्या आत तुटत होती. शिल्लक होतं तेवढंही आपल्याच हाताने घालवलं, असं तिला वाटे. कधीकधी तिला स्वप्न पडे, निळी होडी स्वयंपाकघरातून संथ जाते आहे आणि नाळ रिकामी आहे.

मे महिन्यात बर्फ फुटलं. सरोवरातून काचेची कपाटं कोसळल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि अख्खा गाव बघायला किनाऱ्यावर गेला. वाल्दी जागचा हलला नाही. लाउगा पिशवी घेऊन सिग्गीच्या दुकानात गेली आणि तिने हिरवा डबा मागितला.

"आज पिवळा नको?" सिग्गीने विचारलं.

"त्या पिवळ्या डब्याचं तोंड बघायचं नाही मला."

मागून काठीचा आवाज आला. रूनाबाई उभ्या होत्या. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी गणित शिकवलं होतं, वाल्दीलासुद्धा. चौथीत असताना त्याला नापासही केलं होतं त्यांनी. महिनाभर बाई कुठे दिसल्या नव्हत्या. त्यांच्याही हातात हिरवाच डबा होता.

लाउगाने त्या डब्याकडे पाहिलं, बाईंनी लाउगाच्या.

"तुलाही होडी निघाली होती का?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"म्हणजे, बाई, तुम्हालाही?"

"कुणाला सांगू नकोस. लाज वाटते गं. जन्मभर गणित शिकवलं आणि ऐनवेळी चुकले. बारा अधिक आठ गुणिले तीन वजा सहा. मी म्हटलं तीस. तो पोरगा म्हणतो, चूक, चोपन्न. सरळ डावीकडून करत जायचं म्हणे. मी रात्र रात्र जागले. म्हटलं नियम बदलले असतील, मीच म्हातारी झाले."

लाउगाने काउंटर घट्ट धरला. "आमच्या वाल्दीने चोपन्न सांगितलं, तर त्याला म्हणाला तीस!"

सिग्गी मघापासून बरणीतल्या गोळ्या उगाच खालीवर करत होता. आता तो लालेलाल झाला. "मलाही निघाली होती," तो म्हणाला. "मी चोपन्न म्हटलं, तो चूक म्हणाला, आणि मी फोन ठेवून दिला. बाईंना कळलं तर कान पिळतील म्हणून गप्प बसलो."

"पिळणारच आहे," बाई म्हणाल्या.

सिग्गीने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाने एक बाई बोलायला आल्या. छपाईत चूक झाली होती म्हणाल्या, एका ट्रकभर डब्यांना होडीची झाकणं लागली. होडी कुणालाच नाही. खेद आहे. सदिच्छा म्हणून प्रत्येकी एक डबा फुकट.

"डबा तरी लगेच द्याल का?" सिग्गीने विचारलं.

"हो, पण त्याआधी एक छोटासा प्रश्न विचारावा लागेल. कायदाच आहे तसा."

सिग्गीने फोनवर जे ऐकवलं ते रूनाबाईंसमोर बोलायला नको होतं. बाईंनी त्याला अडवलं नाही.

गावावर अन्याय झाला होता, आणि लाउगाला पिसासारखं हलकं वाटत होतं. या वयात पळणं तिला शोभणारं नव्हतं, पण ती पळाली, आणि पाठीमागून काठी टेकत रूनाबाई.

"वाल्दी! फसवलं रे आपल्याला!" दारातूनच ती आनंदाने ओरडली. "सगळ्यांनाच फसवलं मेल्यांनी! होडी कुणालाच द्यायची नव्हती त्यांना. काहीही उत्तर दिलं असतंस तरी चूकच म्हणणार होते!"

वाल्दीने ते सगळं सावकाश आत घेतलं. मग त्याची नजर दारातल्या रूनाबाईंवर गेली, आणि तो खुर्चीचे हात धरून उठला. हात अंगाशी घेऊन ताठ उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "मग माझं उत्तर? बारा आणि आठ वीस. वीस त्रिक साठ. साठातून सहा गेले..."

लाउगाने बाईंकडे पाहिलं. अर्ध्या मार्कासाठी रूनाबाईंनी पोरांना रडवलं होतं. चूक म्हणजे चूक, मग ते पाद्र्याचं पोर का असेना. आणि आत्ता कुठे तासाभरापूर्वी त्यांना त्यांचं तीस परत मिळालं होतं. बाई वाल्दीच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर बर्फाचे तुकडे एकमेकांपासून सुटून दूर जात होते, आणि मधे काळंभोर पाणी मोकळं होत होतं.

"साठातून सहा गेले," वाल्दी पुन्हा म्हणाला, "चोपन्न ना, बाई?"

"चोपन्न," रूनाबाई म्हणाल्या. "बरोबर आहे. बैस."

वाल्दीने खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसला. लाउगाने हिरवा डबा उघडला, झाकणाकडे न बघता ते बाजूला टाकलं आणि तिघांची कॉफी टाकली. बाई रुमालात नाक शिंकरत होत्या.

"सात," थोड्या वेळाने वाल्दी म्हणाला. पाण्यावर बगळे उतरले होते.

कॉफी संपल्यावर त्याने कप उचलला, डोक्याभोवती तीनदा फिरवला आणि चुलीच्या कडेवर उलटा ठेवला.