उपाशी काटा

मालवणात भरडावर साल्वादोरचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार वासे आणि त्यांवर टाकलेली माडाची झापं. त्याखाली डॉक्टरांची गाडी, गुणाजीची टॅक्सी आणि साल्वादोरची स्वतःची जुनी इंग्लिश गाडी यांना आळीपाळीने सावली मिळे. ही गाडी त्याने पंचावन्न साली एकाच कामासाठी घेतली होती: म्हापशाला जायचं आणि रोझालिनाला मागणी घालायची. तिच्या बापाला त्याने शब्दच दिला होता, "येतलंय तो माझ्या गाडयेन येतलंय." गाडीचे कागद हाती आले आणि त्याच सुमारास गोव्याची हद्द बंद झाली. एवढा मोठा निर्णय घेताना सरकारने साल्वादोरला विचारलं नव्हतं, आणि साल्वादोरनेही मोठ्या मनाने ते कुठे बोलून दाखवलं नाही.

सहा वर्षं गेली. रोझालिनाची पत्रं कुणाकुणाच्या पिशवीतून फिरत, सुक्या मासळीचा वास घेऊन यायची. चार ओळी असत. मी बरी आहे, पाऊस फार झाला, मांजरीला तीन पिल्लं झाली. साल्वादोर त्या चार ओळी वाचायचा आणि मधल्या चाळीस स्वतःच्या मनाने भरायचा.

एकोणसाठ साली त्याच्या चुलतभावाने, प्लासिदने, मुंबईहून लष्करी भंगारातलं एक यंत्र पाठवलं. त्याची नळी सायलेन्सरच्या शेपटीत खुपसायची, वायर पुढे आणायची, मग तबकडीवरचा काटा धूर हुंगून सांगे की इंजिनात एक भाग पेट्रोलला किती भाग हवा जळते आहे. साडेतेराच्या आसपास आला की ठीक. काटा एका बाजूला गेला तर 'रिच', म्हणजे पेट्रोल जास्त. दुसऱ्या बाजूला 'लीन', म्हणजे हवा जास्त. गिऱ्हाइकांना कळावं म्हणून साल्वादोर त्यावर 'श्रीमंत' आणि 'गरीब' असे कागद चिकटवणार होता, पण गुणाजीला आपली टॅक्सी चारचौघांत गरीब ठरलेली चालेना.

"माझे गाडयेक भिकारी म्हणतंस? परत येवचंय नाय हां!"

शेवटी 'जेवलेली' आणि 'उपाशी' असे शब्द ठरले.

यंत्र कामाचं होतं, यात वाद नाही. डॉक्टरांची गाडी वर्षानुवर्षं पेट्रोल पीत होती, आणि साल्वादोर कान लावून लावून दमला होता. काट्याने पहिल्याच दिवशी 'जेवलेली' दाखवली. साल्वादोरने कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि आठवड्याने प्लग काढून पाहिले, तर काळ्या काजळीच्या जागी भाजलेल्या पावासारखा तांबूस रंग. तेव्हापासून त्याने कान लावणं सोडलं. ज्याच्याकडे काटा आहे त्याने कशाला ऐकायचं?

चूक झाली ती 'उपाशी' या शब्दाने. यंत्र बिचारं हवा आणि पेट्रोल एवढंच म्हणत होतं. पण मालवणात कुणी उपाशी आहे असं एकदा कळलं की पुढे चौकशी करायची पद्धत नाही. आधी ताट वाढतात.

डिसेंबर एकसष्टमध्ये गोवा मोकळा झाला. बातमी आली त्याच दुपारी साल्वादोरने स्वतःच्या गाडीला यंत्र जोडलं. काटा 'उपाशी'वर. त्याने पेट्रोल वाढवलं. काटा तिथेच. नाताळात त्याने कार्बोरेटर उघडला, नव्या वर्षात पुन्हा उघडला, पेट्रोल जास्त सोडणारा मोठा जेट बसवला. बरोबर साडेतेरावर काटा आल्याशिवाय म्हापशाच्या वाटेला लागायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. सहा वर्षं थांबलेल्या माणसाने अर्धवट गाडी घेऊन कसं जायचं? बापाला शब्द दिलेला.

जानेवारीच्या अखेरीस पत्र आलं. या वेळी दोनच ओळी होत्या. शुक्रवारी वेंगुर्ल्याच्या बोटीने मुंबईला, तिथून नैरोबीला भावाकडे जाते आहे. भेटायचं तर ये.

बुधवारी सकाळी साल्वादोर निघाला. काटा उपाशीच होता. वाटेत तो दर दोन मैलांवर उतरून गाडीला आणखी थोडं वाढत होता. सावंतवाडी सोडली आणि बांद्याच्या अलीकडे गाडीने तीन आचके दिले, मागे काळ्या धुराचा डोंगर उभा केला आणि ती थांबली.

पाठीमागून बांद्याची एसटी आली. ड्रायव्हर बाबली मालवणचाच. त्याने बस थांबवली, तशी खिडकीतून मासळीवाल्या मथुराबाईने डोकं बाहेर काढलं.

"साल्वादोरा, तुझी गाडी इडी ओढूक कधीपासून लागली रे?"

"उपाशी आसा ती," साल्वादोर म्हणाला.

"उपाशी? ही तर ढेकर देता!"

बस हसली. बाबली मात्र गाडीखाली वाकला. "जरा सुरू कर बघया." गाडी कशीबशी सुरू झाली. बाबलीने सायलेन्सरजवळ हात धरला आणि लगेच मागे घेतला.

"अरे, खाऱ्या वाऱ्यान सायलेन्सराची नळी खाल्ली हा. ह्या बघ भोक! भायली हवा आत शिरता आणि तुझो काटो तीच हुंगता. इंजिनाचा त्येका काय म्हायती? तुका फट् फट् आयकाक येय नाय?"

साल्वादोरला ते गेले पाच आठवडे ऐकू येत होतं. त्याने ऐकलं नव्हतं, इतकंच.

डब्याचा पत्रा गुंडाळून, तारेने आवळून भोक बंद केलं. काटा सर्रकन 'जेवलेली'च्या टोकाला जाऊन आपटला. साल्वादोरने प्लग पुसले, जुना जेट बसवला, स्क्रू मागे घेतला आणि काजळीने माखलेल्या तोंडाने संध्याकाळी म्हापशाला पोचला.

रोझालिना दारातच होती. केसांत थोडं पांढरं आलं होतं. तिची कोंकणी आणि त्याची मालवणी यांच्यात ओढ्यावरच्या एखाद्या साकवाएवढंच अंतर होतं, ते दोघांनी पहिल्या दोन वाक्यांत ओलांडलं.

"बाबा गेले गेल्या वर्सा," ती म्हणाली. "पत्रात लिवूक धीर झालो नाय. तुझी गाडी बघूक रवले नाय."

"हद्द बंद होती गो."

"होती. ती उघडून पाच आठवडे झाले. तू खंय होतंस?"

साल्वादोरने काजळीचे हात पँटला पुसले.

"गाडी सारकी करी होतंय."

तिने रस्त्याकडे बोट केलं. "बांद्यापर्यंत बस येता. थंयसून लोक चलत येतत. नाताळाक मी हयसर खुर्ची घालून बसलंय, येणारो प्रत्येक माणूस बघी होतंय. सहा तारखेच्या तीन राजांच्या सणापर्यंत बसलंय. मगे भावाक कळवलं, येतंय म्हणान. थंयच्या शाळेत शिकवूक माझा नाव लागला."

"आता रव म्हटलं तर?"

"आता तसा म्हणू नको." ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तोंड धू आधी. बाबांक दिलेलो शब्द पाळलंस मा? मगे शुक्रवारी माका बोटीर सोड. तुझ्याच गाडयेन."

शुक्रवारी पहाटेच तिची ट्रंक मागच्या सीटवर ठेवून दोघं निघाली. हद्दीच्या नाक्यावर कुणी अडवलं नाही. सहा वर्षं ज्याने त्याला अडवलं त्या शिपायाची साल्वादोरला त्या दिवशी पहिल्यांदा गरज होती. बांदा आलं, गेलं. सावंतवाडीच्या चढावर त्याने मुद्दाम गिअर बदलायला उशीर केला. गाडी कुरकुरली नाही. त्याने वेंगुर्ल्याच्या वाटेवरचा एकही खड्डा चुकवला नाही, तरी पत्रा सुटला नाही, तार तुटली नाही. इंजिन असं एका सुरात चालत होतं की रोझालिना खिडकीला डोकं टेकून थोडा वेळ झोपलीसुद्धा. त्याने तिच्याकडे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा समोर बंदर होतं, आणि बोट यायला अजून तासभर होता.

रोझालिना जागी झाली. पदर सारखा करत म्हणाली, "पावलंव? इतक्या बेगीन?" मग बॉनेटवर हात ठेवून, अगदी मनापासून, "बरी चलता रे तुझी गाडी."

"होय," साल्वादोर म्हणाला, आणि ट्रंक उतरवायला मागे वळला.