कपांचा शनिवार

लिगायाने टॉवेलची घडी उलगडली आणि आपला कप गावच्या सभागृहाच्या ओट्यावर ठेवला. पिवळा, कानाजवळ टवका उडालेला; मायदेशातल्या इलोइलोहून निघताना आईने कपड्यांत गुंडाळून दिलेला.

"एवढा जपून आणलास? आत सोनं आहे की काय?" मर्व ओरडला. सभागृहाच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या मर्वकडे असत. त्याच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. "बघा गं, आज सिस्टरबाईंची बढती. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपातून सुटका!"

बनपावांना लोणी फासणाऱ्या बायका हसल्या.

"आता भांडी घासायची पाळीही गावचीच हं," त्यांच्यातली जोन म्हणाली. "पाहुणी म्हणून बसून राहायचं नाही."

"ही बसली होती कधी? आल्या दिवसापासून तुझ्याच वाटणीची घासतेय," दुसरी म्हणाली.

लिगाया हसली, पण तिचे कान तापले होते. किनाऱ्याकडच्या भिंतीवर एक लांब फळी होती. गावात बांधलेल्या पहिल्या होडीची, असं सांगत. फळीवर पितळी हुकांची रांग, आणि एकेका हुकावर एकेका माणसाचा कप. नवा हुक ठोकायचा नाही, फळी चिरेल, हे पूर्वीपासूनचं. कुणी वारलं किंवा गाव सोडून गेलं, तरच जागा होई. ईस्टरच्या शनिवारी सगळे कप खाली उतरत, चहा होई, आणि धुऊन पुसून पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी चढत. कोण कधीपासून राहतो हे हॅलर्स बेमध्ये कुणी विचारत नसे. कप कुठे आहे, एवढंच बघत.

ती दवाखान्यात नर्स म्हणून बदलीवर आली होती, काही महिन्यांपुरती. मग कोळ्यांच्या बोटांत रुतलेले गळ काढता काढता, कुणाचं बाळंतपण, कुणाचा दमा बघता बघता राहून गेली. सकाळी दार उघडलं की पायरीवर कुणीतरी ठेवलेला भोपळा असे, कधी ओल्या फडक्यात गुंडाळलेला मासा. त्या फळीवर आपलाही कप असावा, असं तिला इतकं वाटू लागलं होतं की एकदा जपमाळ हातात असताना तिने तेच मागितलं. आणि असलं काही मागितल्याबद्दल लगेच माफीही मागितली.

"पण जागा कुणाची झाली, मर्व?" तिने विचारलं. या वर्षात गावात कुणी गेलं नव्हतं. गेलं असतं तर तिला आधी कळलं असतं.

मर्वने चहाच्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि पुन्हा ठेवलं. "पाणी उकळलं वाटतं," तो म्हणाला.

तेवढ्यात म्हातारी थेल्मा आत आली. टोपीवरचं पाणी दारातच झटकून ती सरळ भिंतीपाशी गेली, स्टूल ओढलं, आणि दुखरा पाय मागे ठेवून वर चढली. लिगाया धरायला धावली. थेल्माने खिडकीजवळच्या शेवटच्या हुकावरचा निळा कप काढला.

बायकांच्या सुऱ्या थांबल्या. फुटबॉलची मॅच ऐकत बसलेल्या कुणीतरी रेडिओ बारीक केला.

तो कप सगळ्या गावाला ठाऊक होता. थेल्माच्या मुलीचा, नेरिडाचा. अशाच एका कपांच्या शनिवारी, कप धुऊन झाले आणि चढवायचे राहिले होते, तेव्हा नेरिडा म्हणाली, "एक डुबकी मारून येते." खडकावर तिचा टॉवेल सापडला. ती सापडली नाही. त्यानंतर दर ईस्टरला थेल्मा तो कप मुलीच्या आवडीच्या दुधाळ, गोड चहाने भरून समुद्राकडच्या खिडकीत ठेवी आणि दिवस मावळताना स्वतः बाहेर नेऊन गवतावर ओती. लिगायाने हे दोनदा पाहिलं होतं. त्या वेळात खिडकीकडे कुणी बघत नसे.

"ही जागा नको, टिटा," लिगाया पुटपुटली. वडीलधाऱ्या बायकांना ती आपल्याकडच्या सवयीने टिटाच म्हणे.

"मग कुठली हवी? माझी? थोडी कळ काढ."

"मला पांढरा कप चालतो. खरंच."

"मला नाही चालत. किती दिवस पाहुणी पाहुणी खेळायचं?" थेल्मा तिच्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरली. "आणि पुढच्या ईस्टरला हा पाय स्टुलावर चढेल का, तूच सांग. पट्टी तूच बांधतेस ना?"

लिगायाने पायाकडे पाहिलं.

जुन्या कपातला चहा नव्या माणसाने प्यायचा, मग त्या हुकावर आपला कप टांगायचा, अशी रीत होती. थेल्माने पाठमोरी होऊन चहा केला आणि कप तिच्या हातात दिला.

लिगायाचा उपास होता. गुड फ्रायडेपासून रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हे व्रत तिने आईच्या आजारपणात धरलं होतं. आई बरी झाली, तरी सोडलं नव्हतं. रात्रपाळीतही मोडलं नव्हतं. गेल्या दोन्ही ईस्टरना तिने दुपारभर कप विसळले होते आणि थेंबभर चहा घेतला नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं. थेल्मालाही.

जोनच्या हातातल्या सुरीवरून लोण्याचा गोळा खाली पडला.

'नमो मरिये,' लिगायाने मनात प्रार्थना सुरू केली, आणि पुढचे शब्द तिला आठवेनात. तिने कप तोंडाला लावला.

चहा गोड होता. गोडमिट्ट, दुधाने पांढरा झालेला. ती बिनसाखरेचा पीत असे. दर मंगळवारी पट्टी बांधून झाली की थेल्माच तिला तसा करून देई. तिने मध्ये कप खाली घेतला नाही. तळाशी न विरघळलेली साखर आली, तीही तिने घेतली.

मान वर केली तेव्हा थेल्मा अगदी जवळ उभी होती. येताना भुरभुरत्या पावसात लिगायाचे केस भिजले होते. थेल्माने तिच्या कपाळावर चिकटलेली एक बट बोटाने हळूच बाजूला केली.

"पाणी फार गार होतं का गं?" तिने विचारलं. तिला एकटीलाच ऐकू जाईल, इतक्या हळू.

लिगायाने तोंड उघडलं. 'टिटा, मी लिगाया,' असं म्हणता आलं असतं. थेल्माचं बोट अजून तिच्या कानामागेच होतं.

"आत शिरताना गार लागलं," ती म्हणाली. "मग नाही."

थेल्माने तिच्याकडे पाहिलं. मग तिने मान हलवली, पदार्थात मीठ बरोबर पडल्यावर हलवतात तशी, आणि वळली.

"मर्व," ती नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "रेडिओ मोठा कर की रे. कुणी मेलंय का इथे?"