बाळाच्या डोक्यावरचा खळगा

मुलांनो, टेबल टेनिसचा चेंडू अंगठ्याने दाबला की कसा खळगा पडतो, ते जरा डोळ्यांसमोर आणा. आता तसाच खळगा एका बाळाच्या डोक्यावर आहे, कानाच्या थोडा वर. बाळ आजच जन्मलंय. आणि त्याच्या सात वर्षांच्या बहिणीला, पूर्वाला, वाटतंय की तो आपल्यामुळे पडला.

त्याला कारण होतं. आई दवाखान्यात गेली तेव्हा पूर्वा कात्रजला शेजारच्या वेणूबाईंकडे राहिली. बाबांनी फोनवर खळग्याचं सांगितलं, तशा वेणूबाई तिच्याकडे वळल्या. "झोपेत लाथा कोण झाडतं गं? लागली असेल एखादी तुझ्या भावाला!" त्या हसल्या आणि कुकर लावायला गेल्या.

पूर्वा हसली नाही. ती रोज आईच्या पोटाला चिकटूनच झोपायची. वेणूबाईंचं घर माणसांनी भरलेलं होतं, टीव्ही चालू होता, तिच्या ताटात दोनदा भात वाढला गेला. पण मनातली ही भीती कुणाला सांगावी, ते तिला कळेना. आईला सांगितलं तर आई पुन्हा कधी जवळ घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. ती खोलीच्या दारातच थांबली.

"आत ये की. राखणीला बसवलंय का तुला दारावर?" बाबा म्हणाले. ती हलली नाही.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाळाला घेऊन आल्या. "झालं काम. कापाकापी नाही, टाके नाहीत." तपासणीत डोक्याच्या आत रक्त साचलेलं दिसलं नव्हतं. म्हणून त्यांनी खळग्यावर मऊ कप बसवून त्यातली हवा हळूहळू ओढून घेतली होती. कोवळं हाड अलगद वर आलं. हे डॉक्टरांनीच करायचं असतं, बरं का. आता तिथे फक्त लालसर गोल उरला होता.

"लाथेने पडतो का खळगा?" पूर्वाने दारातूनच विचारलं.

"कुणाच्या लाथेने?"

"माझ्या. झोपेतल्या."

कुणी हसलं नाही. डॉक्टरबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "नाही गं. जन्मताना त्याचं डोकं आईच्या कमरेच्या हाडावर दाबलं गेलं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

"कुणी घातलं हे तुझ्या डोक्यात?" आईने विचारलं. आई जरा सरकली. "ये, इथे बस."

पूर्वाने चपला काढल्या. ती पलंगावर चढली, घट्ट मांडी घालून तिने दोन्ही पाय फ्रॉकखाली दाबून घेतले, आणि मग भावाकडे एक हात पुढे केला.